पोरीचा पत्ता

९ जानेवारी, गुरुवार

कृषी केंद्रवाल्यानं यांना नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी देतो. दरवर्षी ती फळीवर पडून राहते अन् उंदीर कुरतडतात. यंदा मी म्हटलं, द्या इकडे. सहावीपर्यंत गेले मी शाळेत. लिहिता येतं, फक्त हात गंजला आहे.

घरात बोलायला कुणी नाही. धाकटा कपिल पुण्याला कंपनीत आहे. हे ऐकतात, बोलत नाहीत. अन् मी बाहेर कुणाशी बोलले की ते गावभर होतं, असं माझी लेक म्हणते. म्हणून आता कागदाशी बोलते.

लेक म्हणजे खुशी. पंचवीस पूर्ण झाले. नर्स आहे. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात होती, चांगलं चाललं होतं. दिवाळीच्या तोंडावर एकाएकी सोडलं अन् मारेगावला एका डॉक्टरच्या लहानशा दवाखान्यात लागली. काहून सोडलं विचारलं तं म्हणे, जमत नव्हतं. सिमही बदललं. व्हाट्सॲपवर तिचा किती छान फोटो होता, तो काढून जास्वंदीचं फूल लावलं. अन् मला बजावलं, मी कुठं आहे ते कोणाला सांगू नको, नंबर देऊ नको.

मी म्हटलं, आपण चोरी केली का कोणाची? पोरगी नोकरी करते हे सांगायला लाज कसली?

तिनं विषय बदलला. तिचं काहीतरी चालू आहे. पोरगा असेल कुणी. असेल तर तोंडानं सांगावं, मी काही वाघीण नाही.

१५ जानेवारी, बुधवार

शेजारच्या उज्ज्वलाकडे हळदीकुंकू. वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी. माझ्याकडे आता सहा गाळण्या झाल्या.

तिथं आमच्या चुलत सासूबाई तानाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खुशी अजून बसूनच हाये का वं?" बसून नाही, उभी राहून नोकरी करते, असं मी बोलून टाकलं. बाया हसल्या, पण ते हसणं कोणाच्या बाजूनं होतं ते कळलं नाही.

उज्ज्वलाच्या पोरीचं जमलं ते समाजाच्या वधू-वर मंडळाच्या ग्रुपवरून. यवतमाळचे कमलाकरभाऊ चालवतात. ऑफिसातून रिटायर झाले, आता हेच काम करतात. नऊशे माणसं आहेत ग्रुपवर. दोन फेब्रुवारीला मेळावा आहे, त्याची पुस्तिकाही छापतात. उज्ज्वला म्हणाली, बायोडाटा टाका, आठ दिवसांत फोनला दम मिळणार नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे तुरीच्या शेंगा चिवडत बसले होते. म्हणाले, खुशीला विचार. मी म्हटलं, विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणूनच विचारायचं नाही. यांनी मान वर केली, काही बोलायला तोंड उघडलं, अन् उठून गोठ्याकडे गेले. चाळीस वर्षांचा असता माणूस तर म्हटलं असतं सुधरेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

राळेगावला जाऊन बायोडाटा करून आणला. ऑनलाइनच्या दुकानातला पोरगा विचारत गेला, मी सांगत गेले. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रास, नाडी, मामांचं गाव, आपली शेती. नोकरीचं ठिकाण विचारलं तेव्हा दवाखान्याचं नाव, रस्ता, सगळं सांगितलं. तो म्हणे, काकू, नंबर तुमचा टाकू की ताईचा? मी म्हटलं, दोन्ही टाक. कोरी जागा राहिली की लोकांना वाटतं काहीतरी लपवतात. उज्ज्वलाच्या भाचीच्या बायोडाट्यात उंची नव्हती तर लोकांनी तिला बुटकी ठरवली.

फोटो अक्षयच्या लग्नातला दिला. अक्षय म्हणजे माझा भाचा. हिरवं पातळ, केसांत गजरा, हसते आहे. शेजारी मी होते, पोरानं मला कापलं. फक्त तिच्या खांद्यावरचा माझा हात राहिला. तो म्हणे, हातही काढतो. मी म्हटलं राहू दे, बरा दिसतो.

कमलाकरभाऊंना पाठवला. पाच मिनिटांत ग्रुपवर आला. खाली फुलं, हात जोडलेले. मला भरून आलं. या गावात पोरींपैकी शिकून नोकरीला लागलेली पहिली माझीच.

१९ जानेवारी, रविवार

फोनला खरंच दम नाही. शेतात, न्हाणीजवळ, सगळीकडे वाजतो. घाटंजीचे एक मास्तर, वर्ध्याचे एक दुकानवाले, एक तर नुसतेच शेती किती विचारून ठेवून देतात. एकानं विचारलं, मुलगी नोकरी सोडेल का? मी म्हटलं, तुमचा मुलगा सोडेल का? त्यानं फोन ठेवला. यांना सांगितलं तर हे गालात हसले.

पण एक माणूस मनात भरला. संजय नाव सांगितलं, मुलाचा मामा. ताई, ताई करून किती आदरानं बोलला. आपल्याला शेती विचारली नाही, नाडी विचारली नाही, देण्याघेण्याचं तोंडातून काढलं नाही. फक्त खुशीचंच विचारत होता. ड्यूटी कधी असते, राहते कुठं, सोबत कोण, सुट्टीला कोणत्या गाडीनं येते. म्हणे, पोरीची काळजी घेणारं घर पाहिजे ना ताई, म्हणून विचारतो. मी सगळं सांगितलं. असा सोयरा मिळाला तर सोनं.

हा फोन मला कपिलनं पाठवला. मी 'असं मी बोललेच नाही' म्हणते म्हणून त्यात सगळे कॉल आपोआप साठतील असं त्यानं करून दिलं. मला ते ऐकायला कुठून येणार, पण असू दे.

२० जानेवारी, सोमवार

खुशीचा फोन. तिला कालपासून चाळीसेक फोन आले, अनोळखी. म्हणाली, आई, तू काय केलंस हे? मी म्हटलं, आईनं करायचं तेच केलं. तिनं विचारलं, कोणाला काय सांगितलं? मी म्हटलं, काही नाही, विचारलं तेवढंच. तिनं पुन्हा विचारलं, एकेक शब्द सुटा करून. मला राग आला. मी म्हटलं, कोर्टात उभी केली का मले? अन् फोन ठेवला.

आता वाटतं ठेवायला नको होता. पण तिनंही तसं विचारायला नको होतं.

२२ जानेवारी, बुधवार

काल सकाळपासून तिचा फोन बंद. हे तीनदा म्हणाले, लावून पाहा. एवढं कधी बोलत नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळच्या गाडीनं निघाले. राळेगाव, वडकी, करंजी, मग मारेगाव. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायची अन् प्रत्येक ठिकाणी कंडक्टर म्हणतो येईलच.

दवाखान्यात खुशी नव्हती. काउंटरवरची पोरगी तोंड उघडेना. मागच्या दारात एक आया चादरी वाळत घालत होती, मानीबाई. तांड्यावरची, माझ्याच वयाची. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाली, "खुशीची याडी का तू?" याडी म्हणजे त्यांच्यात आई. मी हो म्हटलं तरी तिला पटेना. फोनमधला अक्षयच्या लग्नातला फोटो दाखवला, न कापलेला, तेव्हा बस म्हणाली.

तिनं सांगितलं. मंगळवारी सकाळी एक माणूस आला. खुशीच्या मामाकडचा आहे म्हणाला, तिची ड्यूटी आठला लागते ना, असं विचारलं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, लपवत नाही. मला वाटलं, मुलाचे मामा स्वतः आले पाहायला, किती हौस. तेच मी मानीबाईला म्हटलं.

ती म्हणाली, "कायचा मामा? तीस वर्षाचा होता बाप्पा तो."

ड्यूटी आठची, हे मीच सांगितलं होतं.

खुशी त्या दिवशी दवाखान्यात आलीच नाही. मानीबाईनं त्याला काही सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे, हसून हसून विचारत होता. अन् म्हणे, पोरीचा पत्ता पोरीले विचारल्याबिगर द्यायचा नाही, कोणी असो. ही बाई अंगठा लावते पगाराला.

मग तिनं स्वतःच्या फोनवरून, खुशीनं तिला दिलेल्या दुसऱ्या नंबरावर लावला. खुशीनं तिचा उचलला. माझा नव्हता उचलला, बंद होता म्हणा. मानीबाई बाजूला जाऊन विचारून आली, "तुह्या मायले सांगू का कुठं हायेस ते?" माझ्याच पोरीचा पत्ता मला सांगायचा की नाही ते विचारत होती. मी दोरीवरच्या चादरींकडे बघत उभी राहिले.

वणीला आहे, गौरीकडे. गौरी म्हणजे तिच्या नर्सिंगची मैत्रीण.

२४ जानेवारी, शुक्रवार. वणी

गौरीच्या खोलीत लिहिते आहे. डायरी पिशवीतच होती.

त्याचं नाव पियूष. यवतमाळच्या दवाखान्याला हातमोजे अन् पट्ट्यांचा माल आणायचा. भिंतीवर ड्यूटीचा तक्ता लावलेला असतो, त्यावर सगळ्या सिस्टरांचे नंबर. तिथून खुशीचा घेतला. आधी सकाळचे फुलांचे मेसेज. तिनं नाही म्हटलं. ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून. मग तिचा व्हाट्सॲपवरचा फोटो उचलून तिच्या नावानं खातं उघडलं अन् तिथल्या डॉक्टर लोकांना घाण घाण लिहिलं. ती म्हणाली, तीन महिने मी प्रत्येकाला सांगत फिरले की ते लिहिणारी मी नाही. काही जण मान हलवायचे अन् तरी बघायचे.

म्हणून नोकरी सोडली. म्हणून सिम. म्हणून जास्वंदीचं फूल.

मंगळवारी ती अलीकडच्या गावातल्या खोलीवरून बसनं ड्यूटीला येत होती. मारेगावच्या स्टँडवर बस थांबली तर खिडकीतून तो दिसला, पानठेल्याजवळ, गाडीच्या दारातून कोण उतरतं ते बघत. ओढणी तोंडावर घेऊन बसून राहिली अन् तशीच वणीला आली.

मी म्हटलं, त्याला कसं कळलं? हे विचारताना मला माहीत होतं. तरी विचारलं.

खुशी म्हणाली, तुझा फोन दे. तिला कपिलनं करून दिलेलं माहीत होतं. रविवारचे कॉल काढले अन् एकेक लावले. मास्तर, दुकानवाले. मग तो. 'नमस्कार ताई' एवढं झालं अन् तिनं गौरीचा हात धरला. दोनच शब्द.

मी म्हटलं, बंद कर आता. ती म्हणाली, "नाही. पूर्ण ऐक."

अकरा मिनिटं होतं ते. आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. किती खूश होते मी. तो एक विचारतो, मी तीन सांगते. त्यानं विचारलंही नव्हतं तरी मी सांगितलं की खोलीला मागून दार आहे, कडी नीट लागत नाही, घरमालक ऐकत नाही. मी तक्रार करत होते त्याच्यापाशी. एका परक्या माणसापाशी. शेवटी म्हणाले, या कधी घरी, चहाला.

ते संपलं. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

मी म्हटलं, मला आधी काहून नाही सांगितलं?

"तुले सांगतलं असतं तं तू चप्पल घेऊन त्याच्या घरी गेली असती. अन् महिनाभरात साऱ्या समाजाले माहीत झालं असतं. लोक त्याले विसरले असते, मले नाही."

खोटं कुठं आहे यात? मी गेलेच असते.

२५ जानेवारी, शनिवार

मारेगावच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. मला वाटलं होतं हाकलतील. एक बाई हवालदार होती, तिनं ती अकरा मिनिटं पूर्ण ऐकली. मला पुन्हा ऐकावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त लागलं. ती म्हणाली, हे रेकॉर्डिंग आहे म्हणून बरं, नाही तर मी नव्हेच म्हटला असता. माझी चूक अन् पुरावा एकच निघाला.

खुशीला घेऊन घरी आले. वाटेत तिनं खिडकीची जागा घेतली नाही.

२६ जानेवारी, रविवार

यांना सांगायला बसले तर यांना सगळं माहीत होतं. दिवाळीत पराटीत कापूस वेचताना खुशीनं बापाला सांगितलं होतं. शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही, तिच्या पोटात राहत नाही.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. घनश्याम नावाच्या माणसाशी पंचवीस-तीस वर्षं संसार केला अन् त्यानं माझ्या पोरीचं दुःख माझ्यापासून लपवून ठेवलं, हे त्यातलं सौम्य.

हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "शपथ पाळली मी. पण तू बायोडाटा टाकून राह्यलीस तेव्हा मोडायला पायजे होती. नुसतं विचार म्हटलं, ते पुरलं नाही."



२९ जानेवारी, बुधवार. यवतमाळ

ग्रुपवरचा बायोडाटा मला काढता येईना. दिवस उलटले की निघत नाही म्हणे. कमलाकरभाऊंना फोन केला तर त्यांनी लगेच काढला, माणूस वाईट नाही. पण ज्यांनी उतरवून घेतला, पुढं पाठवला, त्यांचं काय? तेव्हा म्हणाले, ते आता आपल्या हातात नाही वहिनी. अन् पुस्तिका छापून आली आहे.

म्हणून आज यवतमाळला त्यांच्या घरी. पुढच्या खोलीत गठ्ठे, पाचशे प्रती. पान त्रेसष्ट. एका पानावर दोन मुली, वर खुशी. मी म्हटलं, पान फाडते. ते म्हणाले, खाली एक मुलगी आहे, मागं दोन. त्यांच्या आईबापांनी काय केलं?

बरोबर होतं. मी म्हटलं, मग कागद चिकटवते. म्हणाले, पाचशे? मी म्हटलं, भाऊ, मी दिवसाला किती कापूस वेचते ते आमच्या शेतात येऊन पाहा.

त्यांच्या बायकोनं, शोभावहिनींनी, मैद्याची खळ शिजवून दिली अन् कोऱ्या कागदाचे तुकडे कापायला बसल्या. मी बोट फिरवते, कागद ठेवते, हातानं दाबते, पुढचं. सुरुवातीला राग होता, त्या पियूषचा, उज्ज्वलाचा, भाऊंचा. पन्नाससाठ झाल्यावर राग संपला अन् फोटो दिसायला लागला. हिरवं पातळ, गजरा, खांद्यावर हात. प्रत्येक पानावर माझा हात. तोच झाकायचा अन् पुढं जायचं.

दीडशेच्या आसपास खालची मुलगी वाचली. सोनू, वय बावीस, नर्सिंग दुसरं वर्ष. हॉस्टेलचं नाव. खोली नंबर. मोबाइल. तिच्या आईनंही कोरी जागा ठेवली नाही.

भाऊंना म्हटलं, मुलींचे नंबर कशाला छापता, मंडळाचा एक छापा. त्यांनी सांगितलं, मग पुस्तक कोण घेईल वहिनी? मी विचारलं, या पोरींना विचारता का? ते म्हणाले, आईबाप देतात, आपण छापतो. मीच दिला होता.

ते जेवायला आत गेले. मी खळीचं बोट सोनूच्या खोली नंबरावरून फिरवलं. शोभावहिनींनी पाहिलं. पुढचे कागद त्यांनी दोन मापांचे कापले, एक मोठा, एक बोटभर. झालेल्या दीडशे प्रती मी परत उघडल्या.

शेवटची गाडी मिळाली. बोटं अजून चिकट आहेत, डायरीला लागतात.

आता बसमध्ये मनात येतं, सोनूला तरी मी कुठं विचारलं? विचारल्याशिवाय उघडं करू नये हे कळलं. झाकायलाही विचारावं लागतं का? तिला लग्न करायचं असेल, फोनची वाट बघत असेल. मोबाइल नंबर राहू दिला, खोली तेवढी झाकली. बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मेळावा झाला. उज्ज्वला जाऊन आली. म्हणे, पान त्रेसष्ट सगळे बोटानं खरवडून बघत होते, झाकलं म्हणजे काहीतरी भानगड आहे म्हणून. मी म्हटलं, निघालं का? नाही म्हणे, खळ पक्की होती.

गावात कुजबुज आहे. तानाबाई विहिरीवर म्हणाल्या, खुशीचं मोडलं का? जमलंच नव्हतं तर मोडेल काय. पण मी तेवढंही बोलले नाही. तानाबाईच गोंधळल्या.

पोलिसांनी त्याला बोलावलं, फोन जप्त केला. त्यात खुशीच्या नावाचं दुसरं खातं निघालं, त्याला बायोडाट्यातला, खांद्यावर माझा हात असलेला फोटो लावलेला. गुन्हा नोंदवला आहे. तारखा पडतील. हवालदार बाई म्हणाल्या, सावध राहा, असे लोक थांबतात, पण विसरत नाहीत.

खुशी घरी आहे. बोलते, पण मोजून. जेवायला चल म्हटलं की येते. रात्रीची भाकरी तिनंच केली. मला विचारून नाही, मला सांगून नाही, केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिला दुसरीकडे नोकरी मिळाली. कुठं, ते तिनं बापालाही सांगितलं नाही यंदा. पत्रं, फोन सगळं तिच्याच खोलीत.

मी विचारलं नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली. आज सकाळी गौरीशी बोलताना दार लावून घेतलं तिनं. मी दाराबाहेर झाडत होते. तीच जागा तीनदा झाडली. मग स्वतःचीच लाज वाटली अन् अंगणात गेले.

२ मार्च, रविवार

खुशी गेली. तिला सोडायला फाट्यावर गेले. एकच बॅग. उन्हात उभ्या होतो दोघी, गाडीला उशीर. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, सांगू का तुले कुठं चालली ते?

मी म्हटलं, नको सांगू. माह्या पोटात राहत नाही.

गाडीचा हॉर्न वळणावरून ऐकू आला. मग जवळ आली, माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं. गावाचं नाव, दवाखान्याचं नाव. लहानपणी चिंचा कुठं लपवल्या ते अशीच सांगायची. तिचा श्वास लागला कानाला. गाडीत चढली. या वेळी खिडकीशी बसली.

११ मार्च, मंगळवार

दुपारी एका बाईचा फोन. म्हणे, मंडळातून बोलते, माहिती नवी करायची आहे, मुलगी सध्या कुठं असते तेवढं सांगा. मी नाव विचारलं, तिनं सांगितलं. खरं असेल. गोड बोलत होती. मी म्हटलं, तुमचा नंबर ठेवते, मुलीला सांगते, तिला वाटलं तर ती करेल फोन. बाई म्हणाली, अहो, आईला माहीत नसतं का? मी म्हटलं, माहीत आहे. म्हणूनच सांगत नाही.

तिनं ठेवला. कमलाकरभाऊंना विचारता आलं असतं, खरंच मंडळाची होती का. विचारलं नाही. असेल तर एका भल्या बाईचा अपमान केला मी. होऊ दे. आजवर तोंडानं कितीकांचा केला, हा पहिला न बोलता.

१३ मार्च, गुरुवार

होळीच्या गोवऱ्या. तानाबाई मदतीला आल्या. काम करता करता सहज विचारल्यासारखं, "खुशी कोणत्या गावी असते व आता?"

म्हातारी आहे, वाईट नाही, तिचा जीव आहे पोरीवर. तिला सांगितलं तर ती फक्त सुनेला सांगेल. सून उज्ज्वलाला. उज्ज्वलाकडे नऊशे माणसं.

मी म्हटलं, बरी आहे.

"गाव कोणतं म्हणून राह्यली मी."

"बरी आहे, आत्या."

त्यांनी गोवरी जरा जोरात आपटली. घरी जाताना चहा घेतला नाही.

आत्ता डायरी मागची पुढची वाचली. मारेगाव सगळीकडे लिहिलं आहे मी, ते खोडत नाही, तिथं ती आता नाही. खाली नव्या गावाचं नाव लिहावं असं वाटलं, म्हणजे मी विसरले तर. पेन टेकवलाही होता, तो निळा ठिपका पडला आहे तो त्याचाच. ही डायरी फळीवर असते. फळीला कुलूप नाही.

विसरणार नाही.